मिठाचा अर्धा चमचा

गडद मरून रंगावर पांढरी बारीक अक्षरं छापलेली दिसली की मला किळस येते. लग्नपत्रिका असो, कापडदुकानाची पिशवी असो, मी ती उलटी करून ठेवते. घरच्यांना वाटतं, हा वयाचा विक्षिप्तपणा आहे. तसं नाही. त्या रंगाचं एक पत्रक मी स्वतःच्या हातानं केलं होतं, आणि त्या पत्रकाची जितकी लाज वाटते तितकी मला दुसऱ्या कशाचीच वाटलेली नाही.

आमचं घर कोष्ट्यांचं, नागपुरातल्या सक्करदऱ्याकडचं. पुढच्या खोलीत दोन माग होते. लुगड्याच्या किनारीची नक्षी चौकटींच्या कागदावर उतरवायचं काम वडील माझ्याकडे द्यायचे, कारण माझी रेघ सरळ यायची. शाळेत चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा मी दिल्या. पुढे मागाचं काम बसत गेलं, भाऊ गिरणीत लागला, आणि मी इतवारीतल्या एका छापखान्यात ‘आर्टिस्ट’ म्हणून रुजू झाले. छापखान्यात बाई, हे तेव्हा नवलच होतं. गल्लीतले हातगाडीवाले मला दारात सोडायला आल्यासारखे बघत उभे राहायचे.

आत पायानं चालवायच्या दोन पायमशिनी होत्या आणि खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, लाकडी केसांची, खणाखणांच्या पेट्यांची, एक लांब रांग. त्या रांगेसमोर आमचे म्हातारे कंपोझिटर उभे असत. सगळे त्यांना काका म्हणायचे. ते मूळचे उमरेडकडचे. शिक्षण फार नव्हतं, पण शिशाचं अक्षर उलटं असतानाच ते सुलट वाचायचे. त्यांची एक सवय होती. कोणतंही काम मशिनीवर चढायच्या आधी ते त्याचा कच्चा छाप घेऊन दाराशी जायचे आणि समोर जो कोणी उभा असेल, हमाल असो की गिऱ्हाईक, त्याला म्हणायचे, “वाच गा.” तो अडखळला की काका परत येऊन खिळे मोकळे करायचे. मला तेव्हा ते फार गावंढळ वाटायचं. गिऱ्हाइकासमोर माझी मान खाली जायची.

मालक मात्र वेगळ्या तऱ्हेचे होते. ते मुंबईला छपाईच्या यंत्रांचं प्रदर्शन बघून आले आणि आल्याबरोबर त्यांनी ऑफसेट मशीन आणायचं ठरवलं. मशीन आलं, त्याच्यासोबत प्लेट करायचा कॅमेरा आला, आणि मालकांच्या टेबलावर परदेशी मासिकांचा गठ्ठा आला. छपाई कशी असावी, पान कसं सजवावं, एवढंच त्या मासिकांमध्ये असे. मालक ती मला घरी न्यायला द्यायचे. इंग्रजी मला अर्धंमुर्धं कळायचं, पण चित्रं कळायची. केसासारख्या बारीक रेघा, पानभर रिकामी जागा, गडद रंगात कोरून काढलेली पांढरी अक्षरं. मी ती पानं ट्रेसिंगच्या कागदाखाली ठेवून गिरवायची. नागपुरात असं काम करणारी मी एकटीच आहे, असं मला वाटायचं, आणि मालक तसं बोलूनही दाखवायचे. नवं काय चाललंय हे ज्याला माहीत नाही तो या धंद्यातून गेला, हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की मीही ते दुसऱ्यांना ऐकवायला लागले होते. काकांनासुद्धा ऐकवलं. ते म्हणाले, “मी कुठं जाऊन राहिलो? हे केस इथंच आहेत.” मी हसले होते. आज त्या हसण्याचाही मला तिटकारा येतो.

एकोणीसशे सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. एका धर्मादाय संस्थेचं काम आलं. खेड्यापाड्यांत लहान मुलांना हगवण लागली की पोर सुकून जातं. त्याला घरच्या घरी मीठ-साखरेचं पाणी करून पाजावं, हे आयांना सांगणारं पत्रक छापायचं होतं. मजकूर संस्थेच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी स्वतः लिहून दिला होता. वहीच्या एका पानावर, मोठ्या अक्षरांत. पाच पेले उकळून गार केलेलं पाणी, सहा छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. ‘अर्धा’ या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या.

ते पान मला कुरूप वाटलं. लांबलांब वाक्यं, शब्दच शब्द. मी आठ दिवस खपून त्याचं काय केलं ते सांगते. वर एक आई आणि मांडीवर मूल, चेहऱ्यांशिवाय, नुसत्या आकारांत. खाली मरून रंगाची पट्टी. त्या पट्टीत पांढऱ्या रेघांत तीन चित्रं: एक पेला, एक चमचा, आणखी एक चमचा. चित्रांसमोर तीन आकडे. पेल्यासमोर ५, चमच्यासमोर ६, दुसऱ्या चमच्यासमोर १/२. ‘अर्धा’ हा शब्द मी काढून टाकला, कारण वर दोन आकडे आणि खाली एक शब्द आला की रांग मोडत होती. ‘चमचा’ हाही शब्द काढला, चित्र होतंच की. साखर आणि मीठ हे शब्द अगदी बारीक, चित्रांच्या खाली. एक आणि दोन यांच्यामधली तिरपी रेघ मी सगळ्यांत नाजूक काढली. ती रेघ काढताना श्वास रोखून धरला होता, हे मला आठवतं.

संस्थेचे तीन गृहस्थ बघायला आले. मालकांनी आर्टवर्क खुर्चीवर उभं करून ठेवलं आणि त्यांना चार पावलं मागे उभं केलं. तिघांनी मान डोलावली. एक म्हणाले, “बाहेरदेशातलं वाटतं.” तिघांपैकी एकानंही ते वाचलं नाही. डॉक्टरांना दाखवायचं कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

चकचकीत कागदावर काढलेला पहिला छाप सुरेख आला. पण सगळी छपाई साध्या, खरबरीत कागदावर व्हायची होती, आणि तिथे मरून शाई पसरू लागली. काका मशिनीजवळून एक ताव घेऊन माझ्या टेबलाशी आले.

“पोरी, हे भरून राहिलं.”

“काय भरून राहिलं?”

“हे पाह्य. रेघ गेली मधली. शाईनं खाल्ली. आता हे बारा दिसते.”

मी ताव हातात घेतला. रेघ खरंच गेली होती. कुठे तिचा एखादा ठिपका उरला होता, कुठे तोही नव्हता. एक आणि दोन शेजारी शेजारी उभे होते.

हे मी टाळून लिहू शकत नाही. मला ते दिसलं होतं. मी काकांना म्हणाले, “बारा चमचे मीठ कोणी घालतं का काका? माणसाला समजतं तेवढं.”

“कोनाले समजते?” ते म्हणाले. “तुले समजते. तू लिहिलं म्हणून.”

“मालकांना विचारा मग.”

ते मालकांकडे गेले. मालकांनी प्लेट पुन्हा करायला वेळ नाही म्हणून सांगितलं. काका परत आपल्या केसांपुढे जाऊन उभे राहिले. संध्याकाळपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मला त्याचा रागच आला. नव्याचा द्वेष करणारा म्हातारा, असं मी घरी वडिलांना सांगितलं. वडील माग चालवत होते. त्यांनी एवढंच विचारलं, “पन रेघ होती का नव्हती?” मी आत गेले.

पत्रकं गेली. मधे काही महिने गेले. मालकांनी ते पत्रक, चकचकीत कागदावरचं, मुद्रकांच्या एका प्रदर्शनात पाठवलं आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं. समारंभ एका सभागृहात होता. मी नवं पातळ नेसून गेले. परीक्षकांपैकी एकांनी पत्रक हात लांब करून सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाले, खेड्यातल्या निरक्षर माणसालाही कळेल अशी ही चित्रभाषा आहे. टाळ्या झाल्या. मी मान खाली घालून हसत होते. प्रशस्तिपत्र मालकांनी आपल्या खुर्चीमागे, देवाच्या तसबिरीशेजारी लावलं, आणि त्याखाली ते पत्रकही चौकटीत घालून.

पावसाळा अर्धा झाला असेल. दुपारी एक बाई छापखान्यात आल्या. पांढरी साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, खांद्याला पिशवी. उमरेड रस्त्याच्या आतल्या अंगाला कुठल्याशा गावात त्या नर्स होत्या. त्यांनी पिशवीतून घडी घातलेलं पत्रक काढलं आणि काउंटरवर पसरलं.

“हे कोणी केलं?”

मालक खुश झाले. त्यांना वाटलं, आणखी काम आलं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि वर चौकटीतलं बक्षीस दाखवलं. नर्सबाईंनी तिकडे बघितलंच नाही. त्या माझ्याशी बोलल्या, आवाज न चढवता.

“ताई, हे मीठ किती आहे?”

“अर्धा चमचा.”

“कुठं लिहिलं आहे?”

मी बोट ठेवलं. बोटाखाली बारा होतं.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या गावातल्या एका शेतमजूर बाईची दीड वर्षाची पोरगी हगवणीनं हैराण झाली होती. नर्सबाई त्या दिवशी दुसऱ्या गावाला. आईला वाचता येत नव्हतं. तिच्या दिरानं चौथीपर्यंत शाळा केलेली. त्यानं पत्रक वाचून सांगितलं, पाणी पाच पेले, साखर सहा चमचे, मीठ बारा. तिनं शेजारून मीठ मागून आणलं आणि सगळं मोजून घातलं. पोरगी थुंकायची, तोंड फिरवायची, तरी आई नाक दाबून पाजत राहिली. संध्याकाळी पोरीला झटके आले. गावात आलेल्या एका ट्रकमधून तिला नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं.

“आहे का ती?” मी विचारलं.

“आहे. आठ दिवस शुद्धीवर नव्हती धड. आता बसते.”

मालक मधे पडले. “बाई, आता लोकायले वाचता येत नाही त्याले आम्ही काय करावं? मीठ बारा चमचे कोणी घालते का? अक्कल पाहिजे का नाही थोडी?”

माझं वाक्य होतं ते. काही महिन्यांपूर्वी याच खोलीत, याच टेबलाशी मी काकांना म्हटलेलं. मालकांच्या तोंडून ऐकताना मला ते ओकारीसारखं वाटलं. त्यांच्या तोंडाचा पानाचा वास, शाईचा वास, पंख्याखाली फडफडणारं ते प्रशस्तिपत्र, सगळंच घाण वाटायला लागलं. मी मागच्या मोरीत जाऊन तोंड धुतलं. परत आले तेव्हा नर्सबाई अजून उभ्याच होत्या. कोणी त्यांना बसा म्हटलं नव्हतं. काकांनी स्टूल आणून ठेवलं.

“ही पत्रकं परत बोलवा,” त्या म्हणाल्या. “आणि दुसरी द्या.”

मालक म्हणाले, संस्थेनं माल पास केला आहे, आमचा संबंध संपला. त्यांनी फोन उचलला आणि दुसऱ्याच कोणाशी बोलायला सुरुवात केली.

त्या दिवशी मी आणि काका नर्सबाईंसोबत बाहेर पडलो. गल्लीच्या तोंडाशी चहाच्या दुकानात बसलो. मला काकांची क्षमा मागायची होती. मी म्हणाले, “काका, तुम्ही सांगितलं होतं.”

“सांगतलं होतं, पन मी बी गप बसलो ना,” ते म्हणाले. “मशीन बंद कराले पायजे होती मी. बटन तर समोरच होतं.” मग बशीतला चहा संपवून म्हणाले, “आता कराचं काय ते बोल.”

काकांच्या ओळखीचा एक लहान छापखाना महाल भागात होता, एका पायमशिनीचा. रविवारी तो बंद असे. तिथल्या मालकानं किल्ली दिली. काकांनी तिथे सगळ्यांत मोठे खिळे निवडले आणि डॉक्टरांचा मजकूर, त्यांच्याच शब्दांत, पांढऱ्या कागदावर काळ्या शाईत जुळवला. ‘अर्धा’ सगळ्यांत जाड टाइपात. मी चित्र वगैरे काहीही काढलं नाही. मला पेन हातात धरावंसंच वाटत नव्हतं.

कच्चा छाप निघाला. काका नेहमीसारखे दाराकडे निघाले, तर नर्सबाई म्हणाल्या, “नुसतं वाचून नाही चालणार. करून पाहू द्या.”

बाजारात धान्य निवडणाऱ्या बायका बसतात. त्यांतली एक जवळच राहायची, रविवारी घरी असायची. तिला थोडं वाचता यायचं. तिला बोलावलं. पुढ्यात पातेलं, पेला, साखर, मीठ ठेवलं आणि कागद दिला. कोणी काही बोलायचं नाही, असं नर्सबाईंनी आम्हाला बजावलं. ती बाई ओठ हलवत वाचत गेली. पाच पेले पाणी मोजलं. मग उठली, घरात गेली आणि आमटी वाढायचा मोठा चमचा घेऊन आली. त्यानं साखर घालायला लागली.

मी तोंड उघडलं. नर्सबाईंनी माझा हात दाबला. सगळं घालून झाल्यावर त्यांनी विचारलं, “हाच चमचा काहून घेतला वं?”

“आमच्या घरी चमचा म्हणजे हाच. दुसरा नाही,” ती म्हणाली. “याच्याहून मोठा पळा आहे, तो नाही घेतला. त्याच्यापुढं हाच छोटा.”

मला वाटलं होतं, दोष त्या रेघेचा होता. रेघ जाड असती, कागद चांगला असता, तर सगळं ठीक होतं, असं मी मनात धरून बसले होते. त्या दिवशी कळलं की डॉक्टरांचं ते साधं पानही पुरेसं नव्हतं. आणि मी तर त्यातूनही शब्द काढून टाकले होते. मासिकांमधून मी सगळं शिकले होते, कागदाचा पोत, रेघेची जाडी, मोकळी जागा. पत्रक घरी नेऊन त्याचं कोणी काय करतं, हे एकदाही बघितलं नव्हतं.

दुपारपर्यंत आम्ही तीन बायकांकडून पाणी करवून घेतलं. दुसरीनं अर्ध्या चमच्यावर मिठाची शीग चढवली. तिसरीला ‘उकळून गार’ म्हणजे नुसतं उकळलेलं वाटलं आणि तिनं गरमच पेल्यात ओतलं. दर वेळी काका खिळे मोकळे करायचे, शब्द बदलायचे, पुन्हा आवळायचे. चमच्याची अडचण मात्र शब्दांनी सुटेना. शेवटी मी पेन उचललं आणि चहाच्या चमच्याचं चित्र काढलं, त्याच्या खऱ्या मापाचं, म्हणजे घरातला चमचा कागदावर ठेवून बघता येईल असं. आत अर्ध्यापर्यंत मीठ. जाड, काळ्या रेघेत. अत्यंत सामान्य चित्र होतं. त्याचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, करून घेतला.

नर्सबाईंनी शेवटी एक ओळ घालायला सांगितली: पाजण्याआधी आईनं चाखून बघावं, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेकून द्यावं. काकांनी ती ओळ जुळवली, वाचली आणि खिळे आवळले.

पुढच्या रविवारी मी नव्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन एस.टी.नं नर्सबाईंच्या गावाला गेले. आम्ही दोघी घरोघर फिरलो. जुनं पत्रक मागून घ्यायचं, नवं द्यायचं, समोर पाणी करून दाखवायचं. बहुतेक घरांत जुनं पत्रक भिंतीला चिकटवलेलं होतं. रंग छान होता म्हणून.

शेवटी त्या पोरीच्या घरी गेलो. घर म्हणजे एक खोली. पोरगी दाराशी चटईवर बसली होती, मान किंचित डुलत होती, हातात ज्वारीच्या भाकरीचा तुकडा. मला बघून तिनं तो तुकडा मागे लपवला. आई आतून आली. वय विशीच्या आतलंच असेल. नर्सबाईंनी सांगितलं, या छापखान्यातून आल्या आहेत.

मी येताना एस.टी.त वाक्यं जुळवून ठेवली होती. छपाईत दोष राहिला, कागद खराब होता, वगैरे. त्यातलं काही बोलवलं नाही. मी म्हणाले, “ते पत्रक मी लिहिलं होतं. चूक माझी होती. मीठ अर्धाच चमचा पाहिजे होतं.”

 मला वाटलं, आता ती शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या.

“मी चाखलं होतं जी,” ती म्हणाली. “लई खारट होतं. पन म्हटलं, औषध हाय, असंच राहत असन. शिकल्या लोकाईनं लिहिलं, आपल्याले काय समजते.” मग म्हणाली, “माह्या हातानं पाजलं मी. सासू म्हणे, मायनंच मीठ पाजलं. मले बी तसंच वाटे. मलेच समजलं नाही म्हणून.”

इतके दिवस त्या बाईनं तो दोष स्वतःच्या अंगावर घेतला होता. माझं प्रशस्तिपत्र भिंतीवर लागलं होतं आणि ही सासूची बोलणी खात होती. नर्सबाईंनी सासूला आणि दिराला बोलावलं आणि मी पुन्हा तेच, शब्दानं शब्द, त्या दोघांसमोर बोलले. दीर म्हणाला, “मग मी बरोबर वाचलं होतं.” मी म्हणाले, “हो. तुम्ही बरोबर वाचलं होतं.” तो एकदम खाली बसला आणि रडायला लागला. मोठा बाप्या माणूस. मला तिथे उभं राहवेना, आणि निघूनही जाता येईना.

भिंतीवर पत्रक होतंच. मी ते काढायला गेले तर आई म्हणाली, “राहू द्या ना. मायलेकराचं चित्र चांगलं हाय.” मी तिचं ऐकलं नाही. नखांनी खरवडून काढलं. सारवलेल्या भिंतीचा पोपडा त्याच्यासोबत निघाला. मी माफी मागितली तर ती म्हणाली, भिंत काय, उद्या पुन्हा सारवता येते.

सोमवारी मी मालकांना सांगितलं की चौकटीतलं पत्रक उतरवा. त्यांनी विचारलं, “काहून?” मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, “मॅडम, बक्षीस तर डिझाइनले भेटलं ना. ते तर चांगलंच आहे.”  मी पिशवी उचलली, ती कायमची. दोन महिन्यांनी काकाही तिथून निघाले आणि महालातल्या त्या एका मशिनीच्या छापखान्यात आले, जिथे मी आधीच काम करत होते.

नवं शिकणं मी सोडलं नाही. लोकांना वाटतं, मी जुन्या खिळ्यांची भक्त झाले. उलट मी पुढे ऑफसेटचं काम नीट शिकले, कोणत्या कागदावर किती बारीक रेघ टिकते याचे छाप काढून वही केली, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नागपुरात कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवायचे वर्ग निघाले तेव्हा चाळिशीत त्या वर्गात जाऊन बसले. शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी एक कळ दाबून पडद्यावरचं पान काळं आणि अक्षरं पांढरी करून दाखवली. सगळा वर्ग खुश झाला. जे करायला मला आठ दिवस लागले होते ते आता डोळ्याचं पातं लवतं तोवर होत होतं, आणि ते कोण वाचणार हे विचारायला तेवढाही वेळ उरला नव्हता. मी विचारलं. तो म्हणाला, “वाचणाराचं नंतर बघू, आधी इफेक्ट बघा.” मी वर्ग पूर्ण केला, सगळं शिकून घेतलं, पण त्या माणसाच्या हातचा चहा मी कधी घेतला नाही.

काका तोवर गेले होते. नर्सबाईंची बदली झाली, तरी वर्षातून एकदा त्या यायच्या. औषधांच्या पुड्यांवरचे कागद, लसीची कार्डं, असं काहीबाही घेऊन यायच्या आणि टेबलावर टाकून म्हणायच्या, बघा ताई, काय लिहून ठेवलंय. आम्ही दोघी ते वाचत बसायचो आणि आमचा जीव विटायचा. चुका त्याच असायच्या. फक्त कागद दरवर्षी आणखी गुळगुळीत होत गेला. एकदा त्यांनी सांगितलं की ती पोरगी शाळेत जाते, पण एका कानानं तिला कमी ऐकू येतं. त्याचं कारण हगवण, मीठ की आणखी काही, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. मी त्यांना पुन्हा विचारलं नाही.